मोठ्या घरासाठी लाकडावरचं गरम पाणी: बंब, बॉयलर आणि वाळलेलं सरपण

नागपूरच्या उन्हाळ्याचा बोलबाला सगळ्या महाराष्ट्रात आहे, थंडीचं मात्र कुणी नाव काढत नाही. 2018 च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तरीही आपल्याला अख्खं घर तापवणारी भट्टी लागत नाही. थंड मुलुखांत तळघरात लाकडाची भट्टी बसवून खोल्याखोल्यांत ऊब पोचवतात. आपल्याकडे सकाळी दहाला अंगणात ऊन येतं आणि प्रश्न मिटतो. डिसेंबर-जानेवारीतला खरा खर्च असतो तो आंघोळीच्या पाण्याचा. महाल भागातला जुना वाडा असो की काटोल रोडकडचा ऐसपैस बंगला, दहा-बारा माणसांचं घर म्हटलं की सहा ते नऊ या वेळात गिझर थंडच होऊ लागतो आणि मग "आता कोण गेलंय आत?" सुरू होतं.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे बंब, मधल्या नळीत लाकूड जाळून भोवतीचं पाणी तापवणारं भांडं. हा लेख अशा घरांसाठी आहे, त्यातही ज्यांच्याकडे स्वतःचं सरपण आहे त्यांच्यासाठी: वावरातली बाभूळ, संत्र्याच्या बागेची छाटणी, बांधावरचा सुबाभूळ. ज्यांना प्रत्येक ओंडका विकत घ्यायचा आहे त्यांनी आधी पुढचा हिशेब बघावा आणि मगच बंबाच्या दुकानाची पायरी चढावी.

आधी हिशेब

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. थंडीत पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी 18 अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला 40 अंशांचं पुरतं. म्हणजे 22 अंशांचा फरक. माणशी 20 लिटरची एक बादली आणि घरात बारा माणसं धरली तर 22 × 20 × 12, म्हणजे रोज सुमारे 5,300 किलोकॅलरी.

चांगलं वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण 3,600 किलोकॅलरी देतं. पण बंबात पेटवलं की त्यातली बरीच उष्णता धुराबरोबर वर निघून जाते. नीट जाळला तर बंब तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त उष्णता पाण्याला देतो. 35 टक्के धरा. म्हणजे किलोमागे हाती येतात 1,260, आणि रोज लागतं सव्वाचार किलो लाकूड. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचे 105-110 दिवस धरले तर हंगामाला साडेचार क्विंटल. पाहुणेरावळे धरून पाच म्हणा.

आता तेच लाकूड ओलं आणा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात 40 ते 50 टक्के पाणीच असतं. ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यात जाळाची शक्ती जाते, त्यामुळे किलोमागे उष्णता 2,100 वर येते. शिवाय जाळ थंड पडल्यामुळे अर्धवट जळलेला वायू धूर होऊन जातो आणि बंबाची कार्यक्षमता 25 टक्क्यांवर घसरते. किलोमागे हाती उरतात पाचशेच्या आसपास. तेवढ्याच बादल्यांसाठी रोज दहा किलो आणि हंगामाला अकरा क्विंटल लाकूड लागेल. बंब कुठल्या कंपनीचा, चिमणी किती इंचांची, या चर्चेत लोक तासन् तास घालवतात. पाच की अकरा हा फरक मात्र एकट्या वाळवणीने पडतो.

विजेशी तुलना करायची तर तेवढ्या पाण्याला गिझर सहा-सात युनिट घेईल. म्हणजे एक किलो सुकं लाकूड बरोबर साधारण दीड युनिट. आपल्या बिलावरचा दर दीडपट करा. टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, किलोभर लाकूड त्याहून महाग मिळत असेल तर बंबाचा नाद सोडा. गॅस गिझरवर 14.2 किलोचं सिलिंडर अशा घरात साडेतीन आठवडे चालेल. आणि गच्ची मोकळी असेल तर सोलर वॉटर हीटरला तोड नाही, कारण नागपूरचा हिवाळा बहुतेक दिवस स्वच्छ उन्हाचा असतो. सोलर असलेल्या घरातही बंब ठेवायला हरकत नाही. जानेवारीत ढग येतात, कधी गारपीट होते, तेव्हा सोलरचं कोमट पाणी बंबात घ्यायचं. पाणी 18 ऐवजी 30 अंशांवर असलं की लाकूड निम्म्याच्या आसपास पुरतं.

पायरी पहिली: सरपण फेब्रुवारी-मार्चमध्येच आणा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं. दिवाळीनंतर लाकूड शोधायला निघालात तर ओलंच मिळणार, वर भावही चढलेला असणार. नागपूरचे एप्रिल-मे म्हणजे फुकटची भट्टी. 44-45 अंशांचं ऊन, कोरडी हवा, दुपारची झळ. मनगटाएवढं फोडलेलं लाकूड या दोन-अडीच महिन्यांत झकास वाळतं. जूनच्या मध्याला पाऊस येतो, त्याच्या आत ते छपराखाली गेलं पाहिजे.

कुठलं लाकूड? बाभूळ पहिली. जड, सावकाश जळणारी, निखारा धरून ठेवणारी. धावडा मिळाला तर त्याहून उत्तम, पण तो शहरात सहसा मिळत नाही. संत्र्याचं लाकूड घट्ट असतं. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागात जुन्या बागा काढतात तेव्हा ते भरपूर निघतं. सुबाभूळ आणि निलगिरी ठीक. कडुनिंबही चालतो. आंबा आणि पळस हलके, भुर्रकन जळून जातात, पेटवणीला ठेवा. लकडगंजच्या आरा मशिनींवर सागाच्या सालपट फळ्या आणि तुकडे मिळतात. ते आधीच बऱ्यापैकी सुके असतात आणि ज्यांना वावर नाही त्यांच्यासाठी हाच व्यवहार्य मार्ग. फक्त प्लायवूड, एमडीएफ, सनमायका चिकटवलेलं किंवा रंगवलेलं जुनं फर्निचर त्यात येऊ देऊ नका. त्यातला डिंक आणि रंग जळून निघणारा धूर विषारी असतो, आणि न्हाणीजवळ तोच धूर पोरांच्या नाकात जातो.

अंगणातलं झाड तोडून सरपण करायचा विचार असेल तर शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड आपल्या आवारात असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) पेटवणीला फार चांगल्या. पण पऱ्हाटीत एक मेख आहे. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. म्हणून बोंडं काढून टाकलेली पऱ्हाटीच घरी आणा आणि तिचा ढीग वावराच्या कडेला रचून ठेवू नका.

पायरी दुसरी: फोडणं आणि रचणं

अख्खा ओंडका साल पांघरून बसतो. साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे न फोडलेला ओंडका दोन उन्हाळे खाऊनही आत ओला निघू शकतो. आधी करवतीने बंबाच्या नळीला बसतील असे आठ-दहा इंचांचे तुकडे करा, मग कुऱ्हाडीने उभे फोडा. जाडी मनगटाएवढी, त्याहून जास्त नको. ओली बाभूळ सहज फुटते आणि वाळली की कुऱ्हाड परतवते, म्हणून हे काम आणल्या आणल्या उरकायचं. गाठीचे तुकडे बाजूला काढा. त्यांच्याशी झटापट करण्यात वेळ जातो. ते शेकोटीला जातील.

रचताना खाली विटांचा थर द्या, चांगली सहा इंच उंची. जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवी सोडत नाही. थप्पी भिंतीपासून वीतभर दूर, दोन ओळींत मोकळी जागा ठेवून, वारा आरपार जाईल अशी. बाजूने ताडपत्री गुंडाळायची चूक पुष्कळ लोक करतात. आतला ओलावा आतच कोंडतो आणि बुरशी येते. वरून पत्रा, बाजू उघड्या. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते तेवढीच बाजू झाकावी.

थप्पीत विंचू हमखास असतो, कधी सापही. रात्री लाकूड काढू नका. सकाळी काढतानासुद्धा काठीने दोनदा ठोका आणि हातमोजे घाला. लहान मुलांना "दोन लाकडं आण रे" म्हणून तिकडे पाठवू नका.

पायरी तिसरी: वाळलं की नाही हे तपासा

मोबाइलच्या टॉर्चने बघून कळत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: सुक्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. टोकाला मधून कडेकडे जाणाऱ्या भेगा दिसल्या पाहिजेत, साल हाताने सुटली पाहिजे. पक्की खात्री हवी असेल तर थप्पीच्या मधला एक तुकडा काढून त्यावर खडूने खूण करा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी तोला. सलग दोन-तीन आठवडे वजन घटलं नाही तर तो हवेत जेवढा वाळायचा तेवढा वाळला. ओलावा मोजायचं छोटं यंत्रही मिळतं. मात्र त्याच्या सुया बाहेरच्या अंगावर न टोचता तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा. 20 टक्क्यांखाली आलं की पेटवायला योग्य.

पायरी चौथी: बंब निवडणं

बंबाची रचना तुम्हाला माहीत असेलच. मधून उभी नळी, तिच्यात जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचं ताट. बारा माणसांच्या घराला 75 अंशांचं सुमारे 95 लिटर पाणी लागतं. बाकीचं गार पाणी मिसळून 240 लिटर होतं. म्हणजे 50 लिटरचा बंब सकाळी दोनदा तापवा. शंभर लिटरचा एकच घेतला तर पहिल्या आंघोळीला फार वेळ थांबावं लागतं.

तांब्याचा की स्टीलचा? तांबं उष्णता कितीतरी जास्त वाहून नेतं, हे खरं. पण बंबाचा पत्रा इतका पातळ असतो की तिथे फारशी अडवणूक होतच नाही. अडवणूक होते ती गरम वायू आणि पत्रा यांच्यामध्ये. त्यामुळे पाणी तापण्याच्या वेळात फारसा फरक पडत नाही. तांब्याचं खरं मोल वेगळं आहे. तो दुरुस्त होतो, पिढीभर टिकतो आणि मोडीतही पैसे देतो. इतवारीत भांड्यांच्या दुकानांतून घेताना तीन गोष्टी बघा. नळी खालून वर सरळ आणि सांधा साफ आहे का. जाळी काढता येते का. तोटी तळापासून काही बोटं वर आहे का. तोटी अगदी तळाला असेल तर पेटत्या बंबातलं सगळं पाणी कुणीतरी काढून घेतं आणि कोरडी नळी तापून सांध्याचा डाख वितळतो. तांबं वितळायला हजार अंशांच्या वर लागतात, डाखाला दोनशेसुद्धा पुष्कळ होतात.

गोधडी बंबालाही हवी. बाहेरून इंचभर रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, शेगडीचा भाग तेवढा उघडा. तांब्याचा लखलखाट झाकला जातो म्हणून घरातली मोठी माणसं कुरकुरतील. पण साडेसहाला तापवलेलं पाणी साडेआठला उठणाऱ्यांनाही कढत मिळतं.

पायरी पाचवी: जागा आणि चिमणी

बंब न्हाणीच्या आत कधीही नको. मागच्या पडवीत किंवा सांधवाडीत, वर छप्पर आणि दोन बाजू मोकळ्या, अशी जागा घ्या. लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो. चिमणी सरळ वर, छपराच्या किमान दोन-तीन फूट वर आणि शेजाऱ्याच्या खिडकीच्या दिशेला नाही. एक वाकण चालतं, दोन वाकणांत ओढ मरते. वर टोपी लावा, नाहीतर पहिल्या पावसात नळीत काजळीचा चिखल होतो.

मोठी व्यवस्था हवी असेल तर

दोन-तीन न्हाण्यांत नळाने गरम पाणी हवं असेल तर बॉयलर, म्हणजे लाकडावर चालणारी, भोवती पाण्याचं कवच असलेली छोटी भट्टी, आणि वेगळी दोनशे लिटरची इन्सुलेटेड टाकी अशी जोडणी करतात. पंप लागत नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खालून परत भट्टीत येतं. त्यासाठी टाकीचा तळ भट्टीच्या माथ्यापेक्षा फूट-दीड फूट वर हवा आणि गरम पाण्याची नळी सतत चढती हवी. मध्ये कुठे ती खाली वाकली की हवा अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं. नळी इंचाहून बारीक नको. पहिले पाच-सहा फूट तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) नळी टाका, पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीचा प्लास्टिक पाइप, चालेल. गार पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याला मऊ पडतो. सगळ्या नळ्यांना एसीच्या नळीवर असते तशी काळी फोमची नळी चढवा.

सगळ्यात महत्त्वाचं: वरच्या टोकाला उघडी व्हेंट नळी हवी, गच्चीवरच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच, आणि भट्टी ते व्हेंट यांच्या मध्ये एकही कॉक नको. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिला वाट नसेल तर ती पत्रा फाडून वाट करते. हे काम बॉयलर किंवा सोलर बसवणाऱ्या जाणत्या प्लंबरकडूनच करून घ्या. आणि नळाला पाणी न आल्याच्या दिवशी गच्चीवरची टाकी भरलेली आहे का, हे बघितल्याशिवाय काडी ओढू नका.

पायरी सहावी: रोजचा जाळ

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास बंब भरा. दिवसभर उन्हात असलेल्या टाकीतलं पाणी पहाटेच्या पाण्यापेक्षा बरंच कोमट असतं, आणि इन्सुलेशन असलं की त्यातली काही ऊब सकाळपर्यंत टिकते.

सकाळचं लाकूड एका टोपलीत तोलून ठेवा. टोपली संपली की जाळ संपला. नाहीतर जो तो जाता येता एक तुकडा टाकतो आणि पाणी उकळत बसतं. उकळीपर्यंत नेलेली उष्णता वाफेवर जाते, उपयोग शून्य.

पेटवायला रॉकेल, प्लास्टिक, टायर काही नको. संत्र्याची साल वाळवून डब्यात भरून ठेवा. तिच्यातल्या तेलामुळे ती तडतडून पेटते. तिच्यावर दोन-चार तुराट्या, मग बोटाएवढ्या ढलप्या, त्या धगधगल्या की मनगटाएवढे तुकडे, एका वेळी दोन-तीनच. नळी ठासून भरू नका. ज्वाळेला वर जायला जागा हवी. खालचं राखेचं दार पूर्ण उघडं. आपल्याला हळू धुमसणारा जाळ नको, थोडा वेळ पण जोरात जळणारा हवा. चिमणीकडे बघा: पहिल्या पाच-सात मिनिटांनंतर धूर जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे. काळा-पांढरा लोट येतच राहिला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. ज्वाळा संपून नुसते निखारे राहिले की राखेचं दार जवळजवळ लोटून घ्या, म्हणजे गार हवा नळीतून जाऊन तापलेलं पाणी थंड करणार नाही.

पाणी काढताना वरून तेवढंच ओतत राहा. आणि बादलीत आधी गार, मग गरम. घरात लहान मूल असेल तर हा नियम दारावर लिहून लावा.

बंब खरंच किती काम देतो हे एकदा मोजाच. उदाहरणार्थ, 40 लिटर पाणी 20 वरून 75 अंशांवर गेलं तर पाण्याने 2,200 किलोकॅलरी घेतल्या. त्यासाठी 1.6 किलो सुकं लाकूड जळलं तर त्यात 5,760 होत्या. भागाकार 38 टक्के, म्हणजे उत्तम. 25 च्या खाली आलं तर बंब बदलण्याआधी लाकूड आणि काजळी तपासा.

काजळी, क्षार, राख

आठवड्यातून एकदा नळी तारेच्या ब्रशने घासा. काजळीचा थर उष्णता अडवतो, आणि चिमणीत साठून पेटला तर वेगळीच पंचाईत. आतल्या बाजूला क्षार बसतात. पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्यात कमी, बोअरच्या पाण्यात फारच. महिन्यातून एकदा सायट्रिक अॅसिडचं कोमट पाणी दोन तास भरून ठेवा, मग दोनदा खळखळून धुवा. बाहेरून चकाकी हवी तर चिंच आहेच.

राख झाडांना चांगली, असं सगळे सांगतात. आपल्या काळ्या मातीत जरा जपून. ही माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, आहे, राख तिला आणखी तिकडेच ढकलते, आणि संत्र्या-लिंबाच्या झाडांना लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. कंपोस्टमध्ये मूठभर टाका, बाकीची भांडी घासायला. निखारे असलेली राख मात्र लोखंडी डब्यात, झाकण लावून, दुसऱ्या दिवसापर्यंत.

आणि खोल्यांचं काय?

जानेवारीतल्या चार-आठ कडक रात्रींसाठी भट्टी नको. आधी कूलरचं भोक बुजवा. नागपुरात जवळजवळ प्रत्येक मोठ्या घरात खिडकीत कूलर असतो आणि दिवाळीनंतरही तो तिथेच राहतो. त्याच्या जाळीतून रात्रभर वारा आत येतो. कूलर ओढून बाजूला करा, नाही जमलं तर आतून मापाचा प्लायवूड किंवा थर्माकोल बसवा आणि कडांना जुनी चादर कोंबा. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघडून ऊन आत घ्या, पाच वाजता बंद करा. कोळशाची किंवा लाकडाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

हंगाम संपल्यावर

होळीच्या सुमारास बंब पूर्ण रिकामा करा, क्षार काढा, नळी घासा, दोन दिवस उन्हात उघडा ठेवा. तोटीचं वायसर बदलून घ्या. पुढच्या नोव्हेंबरात ते गळणारच असतं आणि तेव्हा प्लंबर मिळत नाही. चिमणीच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर चिमण्या घरटं करतात. उरलेलं सुकं सरपण थप्पीच्या पुढे काढून ठेवा, नवं मागे रचा.